बर्फाच्या गावी जाण्यापूर्वी

दिवाळी सरून आंबिया बहाराची संत्री वरूडच्या बाजारात उतरू लागली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. तो आजारी नसतो. त्याच्या पिशवीत औषधांची जुनी चिठ्ठी असते, खिशात विमानाच्या तिकिटाची छापील प्रत असते आणि चेहऱ्यावर आनंद व धास्ती यांचे मिश्रण असते. मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थायिक झालेली असते, घरी नातवंड यायचे असते आणि प्रसूतीची तारीख नेमकी ऐन हिवाळ्यात पडलेली असते. काही वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त शिक्षक आले. वय बहात्तर, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही सोबतीला. मुलगा कॅनडात मॉन्ट्रियलला. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, पोरगा म्हन्ते तिकडं उणे वीस राहते. मले झेपन का?''

वाचकहो, प्रश्न साधा असला तरी उत्तर साधे नाही. आपल्याकडची थंडी म्हणजे २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात नोंदलेले ३.५ अंश सेल्सियस. त्या सकाळची आठवण विदर्भात अजून निघते. आकाशातून पडणारे बर्फ आपण पाहिले ते गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी सोसली त्यांना पांढरे झालेले शेत काय असते हे सांगावे लागत नाही. परंतु ती पांढरी चादर काही तासांत विरघळते. तिकडे ती महिनोन्महिने राहते, आणि आपल्या ज्येष्ठांचा देह त्या सहवासाला सरावलेला नसतो.

थंडी लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; उष्णता आत राखण्याची ही शरीराची युक्ती आहे. मात्र त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे. तरुण माणूस गारठला की कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून ऊब निर्माण होते. उतारवयात स्नायू कमी झालेले असतात, कुडकुडणे क्षीण होते. कित्येकांना थंडी वाजते आहे हेच उशिरा कळते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की बोलणे अडखळते, चाल लडखडते, माणूस गोंधळतो आणि पेंगू लागतो. घरच्यांना वाटते, प्रवासाचा शीण असेल, वय झाले आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनी ही लक्षणे लक्षात ठेवावीत. अशा वेळी ओले कपडे काढावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी. ''थोडी घेतली की ऊब येते'' हा समज तर पूर्णपणे खोटा. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

मधुमेहींच्या पायांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. संवेदना बोथट झालेली पावले हिमात बधिर होतात आणि रुग्णाला पत्ता लागत नाही. बोटे पांढरी वा मेणासारखी दिसू लागली तर ती चोळू नयेत, शेकोटीपुढेही धरू नयेत; उबदार खोलीत येऊन कोमट पाण्यात ठेवावीत आणि डॉक्टर गाठावा. पाण्याचा अंदाज निरोगी माणसाने हात घालून घ्यावा. थंड प्रदेशातील गाड्यांत आसन गरम करण्याची सोय असते. मुलगा मोठ्या प्रेमाने ते बटण दाबतो, परंतु संवेदना हरवलेल्या माणसाला त्या आसनाने नकळत भाजू शकते. गाडी तापली की ते बटण बंद करायला सांगावे. आणि जाड कोट घालून त्यावर सीटबेल्ट बांधू नये, पट्टा सैल राहतो. पट्टा अंगाला घट्ट बसवावा, कोट वरून पांघरावा.

आता त्या शिक्षकांना मी जे सर्वांत बजावून सांगितले ते सांगतो. आपल्याकडच्या माणसाला बसून खाणे जमत नाही. मुलगा-सून कामाला गेले, रात्री बर्फ पडले, दारापुढचा रस्ता बंद झाला. अशा वेळी जन्मभर वावरात राबलेला माणूस कोपऱ्यातले फावडे उचलणार, हे ठरलेले. ते फावडे उचलू नका. ओले बर्फ दिसते त्यापेक्षा कितीतरी जड असते. हातांचे श्रम, श्वास रोखून लावलेला जोर आणि गारठ्याने आवळलेल्या रक्तवाहिन्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हृदयावर येतात. बर्फ उपसताना कोसळलेल्या माणसांच्या बातम्या त्या देशांत दर हिवाळ्यात येतात. मुलाला वाईट वाटेल, सुनेला कष्ट पडतील, हे मनात आणू नका. तुम्ही आजारी पडलात तर त्यांना पडतील ते कष्ट याहून मोठे असतील.

मुलांच्या गाडीविषयी आपण काय विचारायचे, असे ज्येष्ठांना वाटते. अवश्य विचारावे, रुग्णालयात नेण्याची वेळ आली तर त्याच गाडीतून जायचे असते. साध्या टायरचे रबर सुमारे सात अंशांखाली कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. असे टायर ओळखण्याची खूण म्हणजे बाजूवर कोरलेले तीन शिखरांचे डोंगरचित्र आणि त्यात हिमकण. केवळ 'एम' आणि 'एस' ही अक्षरे असलेल्या टायरची हिमातील चाचणी झालेली असेलच असे नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून तेवढ्या अक्षरांवर तो हिवाळी टायर धरला जात नाही. मॉन्ट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. शेजारच्या ऑन्टारियोत अशी सरसकट सक्ती नाही, म्हणून टोरांटोकडच्या मुलांना हा प्रश्न आवर्जून विचारावा. टायर चारही बदललेले हवेत. दोनच बदलले तर पुढची चाके थांबतात आणि मागची घसरत पुढे येतात. खाचांची खोली हिमासाठी ४ मिलिमीटर तरी असावी, असे जाणकार सांगतात.

गाडी बर्फात अडकली आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवले, तर आधी धुराच्या नळीभोवतीचे बर्फ उकरलेले आहे ना, हे कुणीतरी उतरून पाहिलेच पाहिजे. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि ती झोप अखेरची ठरू शकते. हा वायू काही परदेशीच नाही. आपल्याकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून आजी-आजोबांना निजवतात, तिथेही तोच असतो. शेगडीवर शेकावे ते दार उघडे ठेवून, आणि निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर न्यावी.

वरूडमध्ये राहणाऱ्यांनी हिवाळी टायर घ्यावेत काय? मुळीच नाही. आपल्याकडे जानेवारीतही दुपार उन्हाची असते. तेवढ्या उष्णतेत ते मऊ रबर भराभर झिजेल. मनालीला किंवा गुलमर्गला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आपली गाडी बर्फावर नेण्याची हौस करू नये. तिथला साखळ्या बाळगणारा, रस्ता जाणणारा चालक घ्यावा.

तरीही टायरचा विषय आपलाही आहे, आणि मी तो स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका जानेवारीत पहाटे वडिलांना तपासणीसाठी नागपूरला नेत होतो. धुके दाट होते, रस्ता दहिवराने ओला, त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती. वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ घसरत शेताच्या धुऱ्यापर्यंत गेली. इजा झाली नाही. वडील एवढेच म्हणाले, ''बापू, घाई कायची हाय?'' नंतर मेकॅनिकने दाखवले की टायरच्या खाचा खोल होत्या, पण रबर लाकडासारखे झाले होते. डॉक्टरची गाडी दवाखाना ते घर एवढीच फिरते. टायर झिजत नाही, म्हातारा होतो. बाहेरून तुकतुकीत, आतून कडक, हे रुग्णांच्या रक्तवाहिन्यांबाबत मी रोज सांगत होतो.

निवृत्त माणसांच्या बहुतेक गाड्यांची हीच गत असते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावे. दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी बदलावा. मोटारीसाठी आपल्या कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. हवेचे तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील हवा सुमारे दोन पाउंडांनी कमी भरते, म्हणून थंडीत ती पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना मोजावी. आणि धुके असेल तर तपासणीची वेळ दुपारची मागून घ्यावी. बहुतेक डॉक्टर देतात. मी देतो.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एक राहिले. औषधे हातातल्या पिशवीत घ्यावीत. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते मोठ्या बॅगेत टाकू नये, तिकडे गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, कारण आपली व्यापारी नावे तिकडे चालत नाहीत. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बोटे गार पडतात, पण त्या परस्पर बंद करू नयेत.

ते शिक्षक एप्रिलमध्ये परतले. वजन दोन किलोंनी वाढले होते, रक्तदाब ठीक होता. फावड्याला हात लावला नाही, असे त्यांच्या सौभाग्यवतींनीच साक्षीला सांगितले. मग मला बाहेर त्यांच्या गाडीपाशी नेले आणि आम्ही दोघांनी वाकून आकडे वाचले. टायर बारा वर्षांचे निघाले. चारही त्याच आठवड्यात बदलले. स्टेपनीचे आकडे मात्र अजून पाहायचे आहेत, ती डिकीत बाजारच्या पिशव्यांखाली दबलेली आहे.