घरातील शोभेच्या झाडांसाठी प्रकाशाचे गणित: सर्जापूर रोडवरील एका फ्लॅटचे उदाहरण

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर गेल्या काही वर्षांत उंच इमारतींची रांग उभी राहिली आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आलेली अनेक मराठी कुटुंबे इथे राहतात. नवे घर लागले की रस्त्याकडेच्या नर्सरीतून मॉन्स्टेरा, अरेका पाम, पीस लिली अशा दोन-चार कुंड्या घरी येतात आणि हॉलच्या कोपऱ्यात, सोफ्याशेजारी विराजमान होतात. दोन-तीन महिन्यांनी पाने पिवळी पडू लागतात. मग कोणी म्हणते पाणी जास्त झाले, कोणी म्हणते खत कमी पडले. पाण्याचा संबंध असतोही, पण बहुतेक वेळा मूळ कारण प्रकाश हे असते. या टिपणात तो प्रकाश मोजायचा कसा हे आपण पाहणार आहोत. त्यासाठी अकरावीची त्रिकोणमिती आणि एक मोबाइल फोन एवढे पुरते.

डोळ्यावर भरवसा ठेवू नका

"आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे" हे वाक्य नेहमी ऐकू येते. भर दुपारी उघड्या गच्चीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. त्याच वेळी हॉलच्या आतल्या भिंतीपाशी २०० लक्सही असू शकतो. म्हणजे पाचशे पटींचा फरक. आपल्याला मात्र तो "जरा कमी उजेड" इतकाच जाणवतो, कारण बाहुली लहान-मोठी होते, दृष्टिपटल आपली संवेदनशीलता बदलते, आणि एकूण संवेदना प्रकाशाच्या सरळ प्रमाणात न वाढता साधारण लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढते. पानाकडे अशी सोय नाही. मंद प्रकाशात प्रकाशसंश्लेषण जवळजवळ सरळ प्रमाणात चालते: प्रकाश निम्मा झाला की साखरेची निर्मितीही निम्मी.

पान रात्रंदिवस श्वसन करते, म्हणजे साखर खर्चही करते. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च बरोबरीला येतात त्याला प्रकाश-समतोल बिंदू म्हणतात. त्याच्या खाली झाड साठवलेल्या शिदोरीवर जगते. त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यातले झाड लगेच मरत नाही. महिना-दोन महिने ते ठीक दिसते, आणि म्हणूनच निदान चुकते.

मोजायचे काय?

लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे. त्यात हिरव्या-पिवळ्या रंगाला जास्त वजन आहे. झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले फोटॉन लागतात, आणि ते प्रति चौरस मीटर प्रति सेकंद किती मायक्रोमोल पडले असे मोजतात. सूर्यप्रकाशासाठी लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की मायक्रोमोलचा अंदाज येतो. पांढऱ्या एलईडीसाठी भाजक ७० च्या आसपास धरावा.

पण एका क्षणाचा आकडा पुरेसा नाही. नळाची धार किती मोठी आहे यापेक्षा दिवसभरात बादली किती भरली हे महत्त्वाचे. या बादलीला आपण दैनिक प्रकाश-बेरीज म्हणू. खिडकीजवळ सरासरी १,००० लक्स बारा तास मिळाले तर:

१,००० ÷ ५४ = १८.५ मायक्रोमोल प्रति सेकंद
१८.५ × ४३,२०० सेकंद = सुमारे ०.८ मोल प्रति चौरस मीटर प्रति दिवस

बेंगळुरूत निरभ्र दिवशी उघड्या गच्चीवर ही बेरीज ४० मोलांच्या घरात जाते. स्नेक प्लांट, झीझी प्लांट, मनीप्लांट अशी काटक झाडे १ मोलाच्या आसपास तग धरतात. मॉन्स्टेरा, अरेका, रबर प्लांट यांना नीट वाढायचे तर ३ ते ६ मोल हवेत.

"लो लाइट प्लांट" ही चिठ्ठी मला म्हणूनच फसवी वाटते. त्या झाडाला कमी प्रकाश आवडतो असा तिचा अर्थ नाही. कमी प्रकाशात ते इतरांपेक्षा उशिरा मरते, एवढाच अर्थ आहे. उष्णकटिबंधीय वर्षावनाच्या तळाशी माथ्यावरच्या प्रकाशाचा एक-दोन टक्के भागच पोहोचतो हे खरे. पण मॉन्स्टेरा आणि मनीप्लांट तिथे खोडांचा आधार घेत वर चढतात ते याच कारणाने. आणि आपल्या रबर प्लांटची गोष्ट तर वेगळीच. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक ज्याच्या मुळांपासून जिवंत पूल विणतात, तोच हा मोठा वृक्ष. त्याला टीव्हीशेजारचा कोपरा म्हणजे कोठडीच.

खिडकी किती मोठी हे नव्हे, आकाश किती दिसते

प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो हा नियम विद्यार्थी लगेच सांगतात. तो बिंदुरूप दिव्यासाठी आहे. खिडकी ही पसरलेली प्रकाशपृष्ठे आहेत, आणि खरा उगम खिडकीपलीकडचे आकाश आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा: पानाच्या जागेवरून आकाशाचा केवढा तुकडा दिसतो?

समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला १.५ मीटर खोल बाल्कनी आहे. समोरची इमारत बाल्कनीच्या कडेपासून २० मीटरवर असून पानाच्या पातळीपेक्षा ४० मीटर उंच आहे. तिचा उन्नतांश ६३ अंश येतो, कारण स्पर्शज्या ४० ÷ २० = २. आता कुंडी हॉलमध्ये, काचेच्या दारापासून अर्धा मीटर आत ठेवली. वरच्या स्लॅबची कड पानापासून आडवी २ मीटर दूर आणि २ मीटर उंच. तिचा कोन ४५ अंश. म्हणजे स्लॅबमुळे ४५ अंशांच्या वरचे काही दिसत नाही आणि इमारतीमुळे ६३ च्या खालचे आकाश दिसत नाही. समोरच्या दिशेने शिल्लक आकाश: शून्य. काच जमिनीपासून छतापर्यंत असली तरी शून्यच.

तीच कुंडी कठड्याजवळ, स्लॅबच्या कडेपासून ३० सेंटिमीटर आत आणली की स्लॅबचा कोन सुमारे ८१ अंश होतो. ६३ ते ८१ असा १८ अंशांचा आकाशाचा पट्टा पानाला मिळतो. दोन कुंड्यांमध्ये अंतर पावणेदोन मीटरही नाही.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. समोरची भिंत पांढरी असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल, तर ती निळ्या आकाशाइतकी किंवा त्याहून जास्त तेजस्वी असू शकते. गडद काचेचा दर्शनी भाग असेल तर असा लाभ फारसा नाही.

आकडेमोड नको असेल तर फोन पानाच्या जागी धरून खिडकीकडे तोंड करून छायाचित्र घ्या. त्यात आकाश नसेल तर तिथे झीझीशिवाय काही ठेवू नये. लक्स मोजणारी मोफत अॅप्स आहेत. त्यांचा नेमका आकडा चुकू शकतो, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला ती पुरेशी चांगली आहेत.

दिशा: परदेशी सल्ला इथे का चालत नाही

युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ सांगतात की दक्षिणेची खिडकी सर्वांत प्रखर, आणि हिवाळ्यात झाडांना दिवा लावा. सर्जापूर रोडचा अक्षांश सुमारे १२.९ अंश उत्तर आहे. मध्यान्हीच्या सूर्याचा उन्नतांश काढण्याचे सूत्र सोपे आहे:

उन्नतांश = ९० − (अक्षांश आणि सूर्याची क्रांती यांतील फरक)

२१ डिसेंबरला क्रांती −२३.४ अंश असते, म्हणून उन्नतांश ५४ अंश, दक्षिणेकडे. स्लॅब २.८ मीटर उंच असेल तर ऊन कडेपासून २.८ ÷ १.३८ = २ मीटर आत येते, म्हणजे १.५ मीटरची बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये अर्धा मीटर. मार्चच्या विषुवदिनी उन्नतांश ७७ अंश, आणि ऊन बाल्कनीच्या बाहेरच्या ६५ सेंटिमीटरपुरते. लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य फक्त १५ अंशांवर असतो. तिथे हेच ऊन दहा मीटर आत जाईल. तिथली दक्षिण खिडकी आणि इथली दक्षिण बाल्कनी यांत नावापुरतेच साम्य आहे.

दिवसाची लांबी पाहा. बेंगळुरूत डिसेंबरचा दिवस साडेअकरा तासांच्या आसपास असतो, लंडनमध्ये आठ तासांहून कमी. शिवाय इथला अंधुक काळ हिवाळा नसून जून ते सप्टेंबरचे ढगाळ दिवस हा आहे. कुंड्या खिडकीकडे सरकवायच्या तर त्या तेव्हा.

उत्तरेची बाल्कनीही पूर्ण सावलीची नसते. २४ एप्रिलच्या सुमारास सूर्य बेंगळुरूच्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे जातो आणि १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. जूनमध्ये तो पूर्वेपेक्षा २४ अंश उत्तरेला उगवतो, त्यामुळे उत्तर बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते.

माझी पसंती पूर्वेला. सकाळी आठ वाजता सूर्य खाली असल्याने ऊन खोल आत शिरते, आणि हवा थंड असल्याने पान तापत नाही. पश्चिमेचे ऊन तेवढेच खोल येते, पण मार्च-एप्रिलच्या दुपारी ते कॅलेथिया, पीस लिली यांची पाने भाजते. तिथे पातळ पांढरा पडदा लावावा.

नर्सरीतून घरी

नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली वाढलेले असते. ७५ टक्के सावलीच्या जाळीखालीही भर दुपारी २०,००० लक्स मिळतो. तेच रोप ८०० लक्सच्या कोपऱ्यात नेले की ते एका दिवसात पंचवीस पट गरीब होते आणि जुनी पाने टाकून देते. आधी बाल्कनीत, मग दाराशी, मग आत असे तीन-चार आठवड्यांत हलवावे. उलटेही खरे: हॉलमध्ये सवयीला आलेले झाड एकदम उन्हात ठेवले तर पानावर पांढुरके डाग पडतात, आणि ते भरून येत नाहीत.

प्रकाश कमी पडत असल्याची खूण पाने पिवळी पडण्याआधीच दिसते. दोन पानांमधले अंतर वाढते, नवी पाने आधीच्यांपेक्षा लहान येतात, मॉन्स्टेराच्या पानाला भोके पडत नाहीत, मनीप्लांटचे पिवळे पट्टे हिरवे होतात. या रस्त्यावर बांधकामाची धूळही भरपूर. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पाने पुसणे हा फुकटचा प्रकाश आहे.

पाण्याचा संबंध असा: प्रकाश कमी तर बाष्पोत्सर्जन कमी, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीला योग्य असलेले पाणी हॉलमधल्या कुंडीला जास्त होते. वार ठरवून पाणी घालू नये, बोट घालून माती पाहावी. गणपतीला गावी जाताना पडदे बंद करून कुंड्यांना तुडुंब पाणी घालणे हा तर दुहेरी मार.

दिवा लावायचा असेल तर

छताच्या दिव्यांनी खोलीत १५० लक्स मिळतो. पाच तासांची बेरीज सुमारे ०.०४ मोल, म्हणजे नगण्य. पण ९ वॅटचा, सुमारे ९०० ल्यूमेनचा साधा पांढरा एलईडी बल्ब झाडाच्या ३० सेंटिमीटर वर टांगला तर अंदाजे १,६०० लक्स मिळतात, आणि बारा तासांत १ मोल. महिन्याला सव्वातीन युनिट वीज. जांभळ्या रंगाचा महाग "ग्रो लाइट" त्यासाठी लागत नाही. बल्ब लहान असल्याने इथे मात्र व्यस्त वर्गाचा नियम लागू होतो: तोच बल्ब ६० सेंटिमीटरवर नेला की प्रकाश चौथाई.

स्वाध्याय: तुमच्या गावाचा अक्षांश घेऊन २१ डिसेंबरला दक्षिण बाल्कनीत ऊन किती आत येईल ते काढा, स्लॅबची उंची २.८ मीटर धरा. पडताळ्यासाठी दिल्लीचा अक्षांश २८.६ घेतल्यास उत्तर सुमारे ३.६ मीटर यायला हवे.