फळ्यांची वाट

मुलांनो, चौपाटीवरून फिरून घरी आलात की आई तुम्हाला दारातच अडवते. "आधी पाय झटका, मग आत या!" चपलेत वाळू, खिशात वाळू, केसांतही वाळू. दोन दिवस झाडले तरी ती कोपऱ्यांतून निघतच राहते. अमेरिकेतल्या एका गावात हाच त्रास दीडशे वर्षांपूर्वी इतका वाढला, की गावकऱ्यांनी समुद्रकाठाने चक्क लाकडाचा रस्ता बांधला. आज त्या रस्त्याची हकीकत वाचू या.

अशा रस्त्याला इंग्रजीत बोर्डवॉक म्हणतात. बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. उर्दूत आपण ज्याला तख्ता म्हणतो, तीच ही फळी. वर्गातला तख्ता-ए-सियाह मात्र मराठीत 'फळा' होतो. तो फळा, ती फळी. लिंग बदलले की वस्तूही बदलते, हे ध्यानात ठेवा. बोर्डवॉक म्हणजे फळ्यांची वाट.

ते गाव म्हणजे न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी. अटलांटिक महासागराच्या काठी वाळूचे एक लांबट बेट आहे, त्यावर ते वसले आहे. १८५४ साली तिथे आगगाडी पोहोचली आणि फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहरातले लोक उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागले. पुढे तिकिटे स्वस्त झाली, तसे कारखान्यांतील कामगारही एका दिवसापुरते येऊन समुद्रात डुंबून जाऊ लागले. येताना कोरडे येत आणि जाताना वाळूने भरून जात! हॉटेलांतले गालिचे खराब होत. आगगाडीच्या डब्यांतल्या गाद्यांवर वाळू साचे.

अलेक्झांडर बोर्डमन हा आगगाडीत कंडक्टर होता. डब्यांची ही दशा तो रोज पाहत असे. जेकब कीम नावाच्या हॉटेलमालकालाही तोच वैताग आला होता. दोघांनी मिळून नगरपालिकेकडे मागणी केली, की किनाऱ्यालगत फळ्यांची वाट करावी, म्हणजे लोकांचे पाय वाळूत जाणार नाहीत. पालिकेने ५,००० डॉलर मंजूर केले. २६ जून १८७० रोजी ती वाट खुली झाली. लांबी सुमारे एक मैल, रुंदी जेमतेम ८ ते १० फूट आणि वाळूपासून उंची दीड फूट. हिवाळ्यातल्या वादळात ती वाहून जाऊ नये म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली होती. थंडी आली की तुकडे सोडवून आत ठेवायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा मांडायचे. आपल्याकडे मांडव घालतात आणि उतरवतात, तसेच म्हणा ना.

लाकूडच का घेतले, असे तुम्ही विचाराल. भुसभुशीत वाळूवर दगडी रस्ता बांधायचा तर पाया खोल घ्यावा लागतो. फळ्यांना तेवढा लागत नाही. खाली खांब रोवायचे, खांबांवर आडवे वासे टाकायचे आणि वाशांवर फळ्या ठोकायच्या. दोन फळ्यांमध्ये बारीक फट सोडायची. ही फट फार महत्त्वाची आहे. पायाची वाळू तिच्यातून खाली पडते, पावसाचे पाणी निथळते आणि खालून हवा खेळल्यामुळे लाकूड लवकर कुजत नाही. एखादी फळी कुजलीच तर तेवढीच काढून नवी बसवता येते. शिवाय लाकूड पायाखाली किंचित दबते, म्हणून दगडी रस्त्यापेक्षा पाय जरा कमी भरून येतात. त्यावरून चालताना टाचांचा आवाज होतो, तोही अनेकांना आवडतो.

ही वाट केली होती वाळू झटकण्यासाठी. पण लोक वाळूत उतरायचे सोडून फळ्यांवरच येरझारा घालू लागले. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला रोषणाई आणि मधे माणसांची गर्दी. कोणी समुद्र पाहतो, कोणी माणसे पाहतो. आठवडाभर यंत्रापाशी राबणारा कामगार इस्त्रीचा कोट घालून शेटजींच्या खांद्याला खांदा लावून चाले. सुरुवातीला वाटेपासून ३० फुटांच्या आत दुकान घालायला मनाई होती. ती फार दिवस टिकली नाही. दुकाने आली, मिठाईवाले आले आणि माणसाने ढकलायच्या चाकांच्या खुर्च्याही आल्या. १८८४ साली बांधलेली वाट चांगली ५ फूट उंच होती, पण तिला कठडाच नव्हता. गप्पांच्या नादात माणसे कडेवरून खाली वाळूत पडत! १८८९ च्या वादळात वाटेची मोडतोड झाली. अखेर १८९६ साली लोखंडी आधारांवर ४० फूट रुंदीची पक्की वाट उभी राहिली.

तुम्ही 'व्यापार' हा पटावरचा खेळ खेळला असाल. तो ज्या अमेरिकन खेळावरून बेतला, त्या मोनोपॉलीच्या १९३५ सालच्या पटावर अटलांटिक सिटीचेच रस्ते आहेत. त्यांतली सर्वांत महाग जागा म्हणजे ही फळ्यांची वाट. खऱ्या वाटेवर मात्र चालायला एक पैसाही पडत नाही.

मग ही वाट सर्वांची होती का? इथे जरा थांबायला हवे. चाकांच्या खुर्च्या ढकलणारे बहुतेक लोक काळे होते. हॉटेलांत स्वयंपाक करणारे, सामान वाहणारे, चादरी धुणारेही बहुतेक काळेच. पण त्याच हॉटेलांत पाहुणा म्हणून राहण्याची त्यांना बंदी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून किनाराही वाटला गेला. काळ्या लोकांनी मिझुरी अव्हेन्यूसमोरच्या पट्ट्यातच पोहावे, असे ठरले. ती कुटुंबे घरून डबे भरून आणत. त्या डब्यांतल्या कोंबडीवरून त्या पट्ट्याला 'चिकन बोन बीच', म्हणजे कोंबडीच्या हाडांचा किनारा, असे नाव पडले. नाव चेष्टेचे होते, पण लोकांनी तेच आपले मानले आणि तिथे मजेत सुट्ट्या घालवल्या. १९९७ साली नगरपालिकेने त्या जागेला ऐतिहासिक स्थळ ठरवले.

ऑगस्ट १९६४ मध्ये याच वाटेवरच्या मोठ्या सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. मिसिसिपी राज्यात काळ्या नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवू देत नसत. तिथल्या फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंनी १९६२ साली नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचे काम आणि घर दोन्ही गेले. पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना बेदम मारहाण झाली. हे सगळे त्यांनी अधिवेशनाच्या समितीपुढे सांगितले आणि ते दूरदर्शनवरून देशभर पोहोचले. त्यांचे साथीदार बाहेर फळ्यांवर रात्रंदिवस बसून होते. पक्षाने त्यांच्या गटाला दोन जागा देऊ केल्या. एवढ्यावर समाधान मानायला ते तयार नव्हते. त्यांनी त्या नाकारल्या. मतदानाच्या हक्काचा कायदा पुढच्या वर्षी, म्हणजे १९६५ साली झाला.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे खासगी स्नानगृहांच्या मालकांनी कुंपणे घालून किनारा अडवला होता. शहराने तो मोकळा केला आणि १९२३ साली ८० फूट रुंदीची फळ्यांची वाट बांधली. भुयारी रेल्वेच्या पाच सेंटच्या तिकिटात गरीब कुटुंबेही समुद्रावर पोहोचू लागली. आपल्या मुंबईतला मरीन ड्राइव्ह फळ्यांचा नाही, काँक्रीटचा आहे. पण संध्याकाळी त्याच्या कट्ट्यावर कोण कोण बसलेले असते ते आठवा, म्हणजे कोनी आयलंडला इतकी गर्दी का होते ते कळेल.

समुद्राशी या वाटेचे भांडण अजून मिटलेले नाही. लाट वरून आदळते त्यापेक्षा खालून उसळते तेव्हा नुकसान जास्त होते, कारण ती फळ्या खालून उचलून फेकते. १९४४ च्या चक्रीवादळाने अटलांटिक सिटीतील वाटेचा मोठा भाग असाच उखडला. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी हे वादळ अगदी शहराजवळच किनाऱ्यावर आले. मोडलेल्या फळ्यांची चित्रे जगभर दिसली आणि सगळी वाट गेली, असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात तो एका टोकाचा जुना, मोडकळीस आलेला भाग होता. मुख्य वाट बरीचशी शाबूत राहिली. तिच्यासमोर वाळूच्या टेकड्या उभारून त्यांवर गवत लावलेले होते, त्यांनी लाटांचा जोर मोडला. या टेकड्यांमुळे काही ठिकाणी फळ्यांवरून समुद्र नीट दिसत नाही, अशी कुरकुर होत असते. बोर्डमन कंडक्टरला ज्या वाळूचा एवढा राग होता, तीच आता त्या वाटेपुढे भिंत होऊन उभी आहे.