रक्तात स्टेरॉइड दिसलं, की आर७८.६?

अमेरिकन रुग्णालयांच्या फायली कोड करणारी नवी मुलं पुणे-नवी मुंबईत भरपूर आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो: लॅब रिपोर्टमध्ये स्टेरॉइड दिसलं, की आर७८.६ टाकून मोकळं व्हायचं. कोडचं नावच ‘रक्तात स्टेरॉइड आढळणे’, मग चुकायचं कुठे?

अहो, कॉर्टिसॉल हेही स्टेरॉइडच. टेस्टोस्टेरॉनही. ती प्रत्येकाच्या रक्तात असतातच. आर७८ हा गट रक्तात एरवी न सापडणाऱ्या औषधांचा आणि पदार्थांचा आहे, आणि हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. शीर्षक तेवढं वाचा! शिवाय रुग्ण प्रेडनिसोलोन घेत असेल, तर नेहमीच्या इम्युनोअसेत तेही कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो. नुसत्या आकड्यावरून कोडर काय ठरवणार?

त्याने ठरवायचंच नसतं. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांचा तिसरा विभाग दाखल रुग्णांबद्दल सांगतो, की तपासणीतली विकृती डॉक्टरांनी महत्त्वाची म्हणून नोंदवली नसेल तर कोड करू नये. डॉक्टरांनी त्यावरून पुढच्या तपासण्या किंवा उपचार सुरू केले असतील, तर मात्र त्यांना क्वेरी पाठवावी.

संधिवातासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन चालू असेल, तर कोड झेड७९.५२. त्या गोळ्यांनी मधुमेह झाला असं डॉक्टरांनी लिहिलं, तर आधी ई०९मधला योग्य कोड, मग टी३८.०एक्स५ए. नुसतं ‘डायबेटीस, ऑन स्टेरॉइड्स’ एवढंच लिहिलं असेल, तर संबंध आपण गृहीत धरायचा नाही, विचारायचं. यात आर७८.६ कुठेच आला नाही.

मग तो लागतो कुठे? २०२२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘आर्त्री किंग’ या सांधेदुखीवरच्या उत्पादनात लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन सापडल्याचा इशारा दिला होता. असलं काही घेणारा रुग्ण ‘मी स्टेरॉइड घेतच नाही’ म्हणतो, रक्तात मात्र ते सापडतं. डॉक्टर तशी नोंद करतात, पण नेमकं निदान अजून झालेलं नसतं. हा कोड तिथला.

बाकीचे गैरसमज किरकोळ. आर७८.६ म्हणजे व्यसन नव्हे. स्टेरॉइडच्या गैरवापराचा कोड एफ५५.३, आणि त्यालाही डॉक्टरांचं निदान लागतं. डोपिंगच्या बहुतेक चाचण्या लघवीच्या, आणि लघवीतल्या निष्कर्षासाठी आर८२.५ वेगळा आहे. इन्हेलरचं स्टेरॉइड झेड७९.५१मध्ये जातं. अचानक उठलेल्या दम्यासाठी दिलेला पाच दिवसांचा कोर्स ‘दीर्घकालीन वापर’ ठरत नाही. आणि ओपीडीच्या कागदावर ‘कुशिंगचा संशय’ असेल, तर कुशिंग कोड करायचं नाही. रुग्ण ज्या लक्षणांसाठी आला, ती करायची.