गमतीची संख्या १४२८५७

मला गुणाकार फार आवडतात. आज मी तुम्हाला एका मोठ्या संख्येची गंमत सांगतो. ती संख्या म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

बघा, अंक तेच! रहाटगाडग्यासारखे नुसते फिरतात, क्रम मोडत नाहीत. पण ७ ने गुणलं की ९९९९९९ येतात. असं का? दहा लाखांना ७ ने भागा. भागाकार १४२८५७ येतो आणि बाकी १ उरते. तो १ काढला की राहतात ९९९९९९. मग भाग पूर्ण जातो.

आता या संख्येला तिनेच गुणा. मला वहीचं एक पान लागलं! उत्तर येतं २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून बेरीज करा :

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

पुन्हा तीच संख्या! अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. शाळेतले गुरुजी, पण आज त्यांचं नाव परदेशातल्या गणिताच्या पुस्तकांतही आहे.

पालकांनो, खाली पाटी-पेन्सिल ठेवली आहे. तुम्हीपण ताळा करून बघा.

— इयत्ता चौथी