काळी मेंदी, लाल मेंदी

वैशाखातली गोष्ट. लग्न होऊन जेमतेम चार दिवस झालेली एक मुलगी सासूबाईंबरोबर दवाखान्यात आली. दोन्ही हात पदराखाली. पदर बाजूला केला तेव्हा दिसले, की हातांवरची मेंदीची अख्खी वेल फुगून वर आली आहे. पानापानावर, रेघारेघेवर पाण्याचे फोड. मधली कोरी कातडी मात्र स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं अंगच उष्ण आहे का हो?"

मी मुलीला विचारले, "मेंदी किती वेळ ठेवली होतीस?"

"अर्धाच तास. काळी मेंदी होती ना, लगेच रंगते."

दुखणे त्या 'लगेच'मध्ये होते. आता श्रावण तोंडावर आला आहे, नागपंचमी, मंगळागौर आहे. म्हणून हे लिहितो.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते, वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के. ते कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील केराटिन या प्रथिनाला चिकटते. तळहातावर हा थर जाड, म्हणून तिथे रंग गडद. मनगटावर आणि दंडावर पातळ, म्हणून फिका. (नवऱ्याच्या प्रेमाचा यात काही संबंध नाही, हे नव्या नवऱ्यांनी तरी ऐकून ठेवावे.) मेंदी काढल्यावर रंग आधी केशरी दिसतो आणि हवा लागून एक-दोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. कोळशासारखा काळा रंग मेंदीच्या पानातून कधीच येत नाही.

मग तो येतो कुठून? केस काळे करण्याच्या कलपात पॅराफेनिलिनडायअमाईन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. तेच कोनात मिसळतात. युरोपात केसांच्या कलपासाठी त्याची मर्यादा 2 टक्के आहे आणि कातडीवर लावायला मुळीच परवानगी नाही. जत्रेतल्या कोनात ते किती घातले, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या रसायनाची खोड अशी, की पहिल्या खेपेस बहुधा काहीच होत नाही. शरीर फक्त त्याची ओळख धरून ठेवते. या मुलीने मागच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नात काळी मेंदी लावली होती, तेव्हा कौतुकच झाले. दुसऱ्या खेपेस एक ते तीन दिवसांत खाज, सूज, फोड. आणि एकदा ही ॲलर्जी जडली की ती जन्माची सोबतीण. पुढे चाळिशीत केसांना कलप लावावा, तर डोळे मिटण्याइतका चेहरा सुजतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने 2006 साली पीपीडीला 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवले होते, ते उगीच नव्हे.

ओळखायचे कसे? खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट किंवा मातकट असतो, पाल्याचा वास येतो. लगदा काळाकुट्ट असेल, रॉकेलसारखा वास येत असेल, तासाभरात रंगण्याची हमी असेल, तर हात मागे घ्यावा. बिनबाटलीचा, बिननावाचा कोन महिनोन् महिने दुकानात टिकतो, हेही संशयाचेच.

घरी करणे अवघड नाही. परसात कुंपणाची मेंदी असेल तर उत्तम, नाहीतर चांगली पूड आणावी. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पूड तलम कापडातून गाळावी, नाहीतर कोन अडतो. लिंबाच्या रसात भिजवून थोडी साखर घालावी आणि 6 ते 8 तास झाकून ठेवावी. आंबट रसाने रंग सुटतो, साखरेने लगदा कातडीला धरून राहतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आधी तेल किंवा क्रीम लावले की रंग धरत नाही. लगदा निदान 5-6 तास ठेवावा, मग खरवडून काढावा. त्यानंतर अर्धा दिवस पाणी-साबण टाळावे. कार्याच्या दोन दिवस आधी लावली की ऐन दिवशी रंग भरात असतो.

रेघ चुकली तर त्याच क्षणी ओल्या कापसाने टिपावी. पाच मिनिटांनी उशीर झालेला असतो. रंग बसल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून तेल आणि मीठ हलक्या हाताने चोळावे, रोज थोडे. थर गळतो तसा दोन-तीन आठवड्यांत रंग जातोच. चुना, ब्लीचिंग पावडर, वजरी यांनी रंग कमी आणि कातडी जास्त निघते.

तान्ह्या बाळांना मात्र साधी मेंदीही लावू नये. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळांत मेंदीमुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याची उदाहरणे आहेत.

काळी मेंदी लावून खाज सुटली तर भरपूर गार पाण्याने धुवावे, फोड फोडू नयेत, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, दुकानातून गजकर्णाची ट्यूब आणू नये. डॉक्टरांना दाखवावे. ओठ सुजले, दम लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

त्या मुलीचे फोड तीन आठवड्यांत बसले. मागे फिक्या रंगाची वेल राहिली आणि गल्लीत 'कोड' हा शब्द कुजबुजला जाऊ लागला. ती पुन्हा रडत आली. हे कोड नव्हे, दाह ओसरल्यावरचे डाग आहेत, काही महिन्यांत भरून येतील, असे मी सासूबाईंना समोर बसवून सांगितले आणि मुलीच्या केसपेपरवर 'पीपीडी वर्ज्य' असे लिहून दिले. तो कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवायला सांगितला.

सासूबाई जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या केसांना कलप हीच लावून देते. हातमोजे घालून लावला तर?"

मी म्हणालो, "नको. तो तुमच्या मुलाला लावायला सांगा."