गल्ल्यावर दहा तास आणि काखेत पिस्तूल: शोल्डर होल्स्टर निवडताना

आजचा प्रश्न ह्यूस्टनहून आलाय. श्रोता तिथेच जन्मलेला, अमेरिकी नागरिक, वडिलांचं दुकान सांभाळतो. व्हॉइस मेसेजमध्ये म्हणतो, "दादा, रोज दहा तास गल्ल्यावर बसतो. कमरेचं होल्स्टर बरगडीत पण रुततं आणि मांडीत पण. खांद्यावरचं घेऊ का? आणि आरामदायी कुठलं?"

उत्तराआधी एक सूचना, कारण ऐकणारे बरेच जण तिकडे नोकरीला आहात. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेचा संघीय कायदा तुम्हाला बंदूक बाळगू देत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बऱ्याच प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते हे खरं, पण त्यामुळे तुमच्या व्हिसाची अट बदलत नाही. मित्राचं पिस्तूल "जरा धर" म्हणून हातात घेणंसुद्धा टाळा.

मी स्वतः पिस्तूल बाळगत नाही. डॅलसच्या मावसभावाकडे तीन वेगवेगळे हार्नेस आहेत, ते मी निळ्या प्लास्टिकच्या डमीवर घालून बघितले. बाकीचं गणित आपलं नेहमीचं, इंजिनिअरचं.

शोल्डर होल्स्टर म्हटलं की आपल्याला सिनेमातला पोलीस आठवतो. १९८४ च्या 'मायामी व्हाइस' मालिकेनंतर तर त्याची फॅशनच झाली, गॅल्को कंपनी आजही 'मायामी क्लासिक' नावाचं मॉडेल विकते. पण ही वस्तू मुळात बसून काम करणाऱ्यांच्या सोयीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक आणि रणगाड्यातले सैनिक खांद्यावरचं एम-३ होल्स्टर वापरायचे, कारण अरुंद सीटवर कमरेचं पिस्तूल काढणंच अवघड. त्यानंतर आलेल्या एम-७ मध्ये छातीभोवती एक जादा पट्टा दिला, म्हणजे पिस्तूल लोंबकळणार नाही. गल्ल्यावरचा आपला मित्र याच जातीतला. म्हणजे त्याचा विचार चुकीचा नाही.

आता वजन बघू. ग्लॉक १९ पूर्ण भरलेलं असताना साधारण ८५० ग्रॅम भरतं. उजव्या हाताच्या माणसाचं ते डाव्या काखेखाली लटकणार. उजवीकडे काहीच नसेल तर अख्खा हार्नेस डावीकडे सरकतो आणि पट्टा मानेला घासायला लागतो. म्हणून दुसऱ्या बाजूला मॅगझिनचे कप्पे असतात. ९ एमएमचं एक काडतूस सुमारे १२ ग्रॅम, अशी १५ म्हणजे १८० ग्रॅम, वर मॅगझिनचं स्वतःचं ७० च्या आसपास. दोन मॅगझिन धरली तर अर्धा किलो. डावीकडे ८५०, उजवीकडे ५००. बरोबरी नाही झाली, पण हार्नेस जागेवर राहतो. उरलेली कसर बेल्टला अडकवायच्या छोट्या पट्ट्या भरून काढतात. बरेच जण त्या काढून टाकतात आणि मग होल्स्टर हलतं म्हणून तक्रार करतात!

खरा आराम मात्र पाठीवर ठरतो. शाळेचं दप्तर आठवा. बारीक नाडीचं दप्तर खांदा कापायचं, रुंद पट्ट्याचं तेच वजन जाणवायचं नाही. इथेही पट्टा रुंद आणि सपाट हवा, आणि पाठीवरचा जोड दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये यायला हवा. तो मानेजवळ आला तर संध्याकाळी डोकं दुखणारच. गॅल्कोच्या हार्नेसमध्ये चारही पट्टे पाठीवरच्या एका लवचीक तुकड्याला जोडलेले असतात आणि प्रत्येक पट्टा स्वतंत्र फिरतो. वाकलं, हात वर केला, तरी पट्टा पीळ न घेता खांद्यावर सपाट राहतो. भावाच्या तीनपैकी स्वस्त नायलॉनवाल्यात हे नव्हतं. वीस मिनिटांत मी तो काढून ठेवला, आणि तेही हलक्या डमीवर. कातडी की नायलॉन यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते जोड आणि पट्ट्याची रुंदी आधी बघा, कातडं नंतर.

आता जरा गंभीर भाग. आडव्या होल्स्टरमध्ये नळीचं तोंड मागे असतं, म्हणजे गल्ल्यामागे उभ्या असलेल्या पोऱ्याकडे किंवा स्वतःच्या बाबांकडे. उभ्या होल्स्टरमध्ये ते जमिनीकडे राहतं. काढायला थोडं सावकाश, पण दुकानात मी उभंच सुचवीन. दोन्हीतही पिस्तूल काढताना डावा हात आधी वर उचलावा लागतो, नाहीतर नळी स्वतःच्याच दंडावरून फिरते. म्हणूनच अनेक शूटिंग रेंजवर खांद्यावरून पिस्तूल काढायला बंदी असते. सराव रिकाम्या पिस्तुलावर किंवा डमीवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. होल्स्टरनं चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलीच पाहिजे आणि पिस्तूल अडकवणारं बटण किंवा पट्टी हवीच. हे नसेल तर कितीही मऊ असू दे, घेऊ नका.

आणखी एक, जे विकणारे फारसं बोलत नाहीत. शोल्डर होल्स्टर लपवायला वरून जॅकेट किंवा उघडा शर्ट लागतो. ह्यूस्टनचा ऑगस्ट आणि जॅकेट, बघा बुवा! गरम झालं की माणूस जॅकेट काढतो, मग हार्नेस काढतो, आणि सगळं भरल्या पिस्तुलासकट खुर्चीच्या पाठीला लटकवतो. किंवा बाथरूमच्या खुंटीला. कमरेचं होल्स्टर असं पटकन निघत नाही, हे निघतं. दुकानात भाची-पुतणे येत असतील तर गल्ल्याखाली कुलपाची छोटी पेटी बसवा आणि हार्नेस अंगावरून उतरला की पिस्तूल थेट पेटीत.

तर मित्रा, घे, पण परत करता येईल अशा दुकानातून घे. पिस्तूल रिकामं करून, तेवढ्याच वजनाची डमी काडतुसं भरून, घरी एक अख्खा रविवार घालून बस. जेव, टीव्ही बघ, बुटाची नाडी बांध. पहिल्या दिवशी पट्टे चार-पाच वेळा तरी कमीजास्त करावे लागतील. संध्याकाळी मानेवर लाल वळ दिसला, तर पाठीवरचा जोड दोन बोटं खाली घे आणि पुन्हा बघ. तरीही वळ उठला, तर सोमवारी परत कर.