हजारी विटांमागचे छोटे हात

मावळात वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाआधी आटोपतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग भट्टीवरच जातो. इथे राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबे बरीच. पावसाळ्यात हाताला काम नसताना घेतलेली उचल फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर येते. पहाटे चिखल तुडवायचा, साच्यात थापायचा. कच्ची वीट एका बाजूने वाळली की उलटायची. हे उलटण्याचे काम हमखास पोरांकडे. मजुरी हजार विटांवर आणि हिशेब घरच्या कर्त्याच्या नावावर, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीची मेहनत वहीत कुठेच दिसत नाही. वेठबिगारीवर 1976 च्या कायद्याने बंदी आहे. बालमजुरी कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला कामाला लावणे हा गुन्हा ठरतो: सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्या व्यवसायात मदतीची सवलत आहे, पण भट्टी मालकाची असते, मजुराच्या घरची नव्हे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या. मूल राबताना दिसल्यास 1098 या हेल्पलाइनवर कळवता येते.